ओझोन पुण्यात मोजला, तर माणला कळतो का?

महाबळेश्वर आणि माण तालुक्यातली दहिवडी ही एकाच सातारा जिल्ह्यातली ठिकाणे. सरळ रेषेत अंतर शंभर किलोमीटरच्या आत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि दहिवडी-म्हसवडच्या पट्ट्यात पाचशेचा आकडा गाठला तर ते साल बरे म्हणायचे. म्हणून महाबळेश्वरचा पर्जन्यमापक पाहून माणमध्ये कोणी पेरणी ठरवत नाही. हवेतली कोणतीही राशी मोजताना हाच प्रश्न आधी विचारावा लागतो: एका जागेची नोंद किती दूरपर्यंत खरी धरायची?

ओझोनच्या बाबतीत या प्रश्नाला एक उत्तर नाही, दोन आहेत. डोक्यावर वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर जो ओझोन आहे, त्याची पुण्यातली नोंद माणला जवळपास जशीच्या तशी चालते. शेतात, पिकाच्या पानाला लागणाऱ्या ओझोनची नोंद मात्र चालत नाही. रेणू तोच, ऑक्सिजनच्या तीन अणूंचा. पण वरचा ओझोन कसा मोजायचा हे आपण नव्वद वर्षांत नीट शिकलो, आणि माणच्या शेतकऱ्याच्या पिकाशी ज्याचा थेट संबंध आहे त्या खालच्या ओझोनची मोजणी शहरांच्या वेशीशी थांबली. ओझोनवर बोलताना अंटार्क्टिकावरच्या छिद्रापासून सुरुवात करायची सवय आपल्याला शाळेच्या पुस्तकांनी लावली आहे. माणपुरते बोलायचे तर ते छिद्र हा दूरचा मुद्दा आहे.

वरचा थर: पातळ, पण सपाट

सूर्याच्या 242 नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीच्या किरणांनी ऑक्सिजनचा रेणू फुटतो, सुटा अणू दुसऱ्या रेणूला चिकटतो आणि ओझोन तयार होतो. सिडनी चॅपमन यांनी ही साखळी 1930 मध्ये मांडली. ऊन जिथे सर्वांत प्रखर, तिथे, म्हणजे उष्णकटिबंधाच्या वर, ओझोन सर्वाधिक तयार होतो. तरीही एकूण साठा तिथेच सर्वांत कमी असतो. कारण उष्णकटिबंधातली हवा स्थितांबरात सावकाश वर चढते आणि ध्रुवांच्या दिशेने वाहत जाते. जाताना ओझोन घेऊन जाते. या मंद अभिसरणाला ब्रूअर आणि डॉबसन या दोन शास्त्रज्ञांची नावे जोडलेली आहेत. माणदेश साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर येतो, म्हणजे तो ओझोन पिकवणाऱ्या पट्ट्यात आहे, साठवणाऱ्या पट्ट्यात नाही.

साठा मोजायचे माप म्हणजे डॉबसन एकक. डोक्यावरचा सगळा ओझोन शून्य अंश तापमानाला आणि एक वातावरणाच्या दाबाखाली जमिनीवर आणून पसरला, तर त्याची जाडी मिलिमीटरच्या शतांशात मोजायची. 300 एकके म्हणजे 3 मिलिमीटर. पुण्याच्या अक्षांशावर हा आकडा वर्षभर साधारण 240 ते 290 यांच्या दरम्यान फिरतो. हिवाळ्यात तो तळाशी असतो आणि उन्हाळा-पावसाळ्याच्या संधीला वर जातो. हलक्या हाताने थापलेल्या भाकरीएवढी ही जाडी, आणि सूर्याच्या अतिनील किरणांपैकी सर्वांत घातक भाग अडवायला तेवढीच असते.

महत्त्वाचा मुद्दा पुढचा. युरोपात हवेच्या दाबाचा एखादा पट्टा सरकला की एकूण ओझोन दोन दिवसांत डझनावारी एककांनी बदलतो. आपल्या अक्षांशावर तपांबराची सीमा सोळा-सतरा किलोमीटरवर असते, आणि खालच्या हवामानाचे धक्के तिच्यावर फारसे पोहोचत नाहीत. म्हणून शेजारच्या शेकडो किलोमीटरांत ओझोनचा साठा जवळजवळ सपाट असतो. पावसाच्या बाबतीत सह्याद्रीचा कडा जो फरक पाडतो, त्याचा इथे मागमूस नाही. महाबळेश्वर, दहिवडी, आटपाडी, जत या साऱ्यांवर एका दिवशी जवळपास एकच आकडा असणार. पुणे-दहिवडी अंतर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे पुण्याची नोंद ही माणची नोंद मानायला शास्त्रीयदृष्ट्या हरकत नाही. पूर्वेकडचा पुरावाही याच अक्षांशाचा आहे: टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र हैदराबादला, 17.5 अंशांच्या आसपास, म्हणजे म्हसवडच्या जवळपास सरळ पूर्वेला आहे. तिथून उडालेल्या मोठ्या फुग्यांनी स्थितांबरातली हवा बाटल्यांत भरून आणली आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने त्या हवेतल्या, ओझोन नष्ट करणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बनांचे (सीएफसी) उंचीनुसार प्रमाण काढले. माणच्या आभाळात वर काय आहे, याचे उत्तर त्या बाटल्यांत बऱ्यापैकी सापडते.

यंत्रे आणि माणसे

डॉबसन यांच्या यंत्राची युक्ती साधी आणि म्हणूनच टिकाऊ. सूर्यप्रकाशातल्या दोन तरंगलांबी घ्यायच्या. एक अशी की ओझोन ती जोरात शोषतो (305.5 नॅनोमीटर), दुसरी अशी की कमी शोषतो (325 च्या जवळ). दोघींच्या तीव्रतेचे गुणोत्तर काढले की वाटेत किती ओझोन लागला ते कळते. धुळीचा परिणाम उरतो, म्हणून आणखी एक जोडी घेऊन तो वजा करायचा. 1928 च्या सुमारास डॉबसन यांनी आपली पहिली यंत्रे जगभर पाठवली तेव्हा त्यातले एक कोडाईकनालला आले. म्हणजे भारतातला ओझोनचा इतिहास छिद्राच्या बातमीपेक्षा अर्ध्या शतकाहून जुना आहे.

मराठी वाचकाला या इतिहासात पुणे दिसले पाहिजे. हवामान विभागाचे मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरची ती इमारत पुणेकर आजही शिमला ऑफिस म्हणूनच ओळखतात. के. आर. रामनाथन याच विभागात घडले आणि पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. संध्याकाळी सूर्य मावळताना डोक्यावरच्या आकाशाचा प्रकाश मोजला तर ओझोन कोणत्या उंचीवर किती आहे याचा अंदाज करता येतो, ही रीत युरोपात गोट्झ यांना सापडली होती. रामनाथन आणि आर. एन. कुलकर्णी यांनी 1953 मध्ये ती भारतीय अक्षांशांवर पक्की बसवली. दहा वर्षांनी रामनाथन यांनी दाखवले की उष्णकटिबंधातला ओझोन साधारण दोन वर्षांच्या तालावर वरखाली होतो. विषुववृत्तावरच्या स्थितांबरात वारे सुमारे 28 महिन्यांत पूर्वेचे पश्चिमेला आणि पुन्हा उलटे फिरतात, त्या चक्राशी हा ताल जुळतो. हे निरीक्षण नसते तर आजही आपण त्या चक्राचा उतार पाहून ‘ओझोन घटला’ अशी बोंब ठोकली असती.

अॅना मणी 1948 मध्ये हवामान विभागात पुण्याला आल्या. परदेशी यंत्रांवर अवलंबून राहायचे नाही, हा त्यांचा हट्ट होता, आणि 1960 च्या दशकात त्यांच्या विभागात भारतीय बनावटीचा ओझोनसाँड तयार झाला. त्याचे काम असे चालते: छोटा पंप बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात सोडतो, ओझोन आयोडीन मोकळे करतो, आणि ओझोनच्या दर रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन वाहून मायक्रोअँपियरमध्ये मोजता येईल असा प्रवाह मिळतो. फुगा सेकंदाला पाच मीटरच्या आसपास वेगाने चढतो, तीसेक किलोमीटरवर फुटतो, आणि तोवर दर पायरीचा ओझोन रेडिओवरून खाली कळवतो. पुणे, तिरुवनंतपुरम, दिल्ली आणि अंटार्क्टिकावरचे मैत्री ही या मोजणीची भारतीय ठिकाणे. वायव्येचा वारा असला तर पुण्याहून सुटलेला फुगा माणदेशाच्याच दिशेने सरकतो. जाता जाता: माणच्या डोंगरांवर आज ज्या पवनचक्क्या फिरतात, त्यांच्यामागे देशभर वारा मोजून ठेवण्याचे जे काम आहे, त्यातही अॅना मणी यांचाच हात होता. मोजणाऱ्या माणसाचे श्रेय आपल्याकडे गुत्तेदाराच्या पाटीखाली हरवते.

उपग्रह आल्यावर जमिनीवरची यंत्रे जुनाट वाटू लागली. ती समजूत 1985 मध्ये मोडली. हॅली या ब्रिटिश तळावर जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी डॉबसन यंत्राने ऑक्टोबरचा ओझोन 300 च्या पातळीवरून 200 च्या खाली गेलेला पाहिला आणि ते नेचर नियतकालिकात छापले. नासाचा उपग्रह 1978 पासून वरून पाहत होता. पण फार कमी आकडे आले की त्यांच्यावर ‘संशयास्पद’ असा शिक्का मारण्याची सोय त्याच्या आज्ञावलीत होती. जमिनीवरच्या यंत्राने बोट दाखवल्यावर त्या शिक्क्याखालचे आकडे खरे निघाले. आज सेंटिनेल-5पी उपग्रहावरचे उपकरण साडेतीन बाय साडेपाच किलोमीटरच्या चौकोनात ओझोन दाखवते, इन्सॅट मालिकेतले उपग्रह भारतावरच्या साठ्याचा अंदाज देत आले आहेत. माण तालुक्यावर असे कितीतरी चौकोन बसतात. पण वर सांगितल्याप्रमाणे तिथला साठा सपाट असल्याने या बारीक चौकोनांचा तालुक्याला फारसा उपयोग नाही. उपग्रहाचा आकडा वर्षानुवर्षे घसरत तर नाही ना, हे तपासायला पुन्हा जमिनीवरचेच यंत्र लागते.

एक टक्क्याची अडचण

उष्णकटिबंधात ओझोनवर लक्ष ठेवणे हे ध्रुवापेक्षा अवघड आहे, हे विधान चमत्कारिक वाटेल. ध्रुवावर साठा निम्म्याने घटतो. तो कोणालाही दिसतो. 2022 च्या जागतिक आढाव्यानुसार 60 अंश उत्तर ते 60 अंश दक्षिण या पट्ट्याची सरासरी 1996 नंतर दशकाला सुमारे 0.3 टक्के वाढली, आणि त्या आकड्याची अनिश्चितताही तेवढीच आहे. पुण्याच्या 265 एककांवर 0.3 टक्के म्हणजे एका दशकात एका एककाहूनही कमी. ऋतूनुसार होणारा चढउतार त्याच्या कितीतरी पट. वर 28 महिन्यांचे चक्र, सौर डागांचे 11 वर्षांचे चक्र, एल निनो, मोठा ज्वालामुखी फुटला तर त्याचा वेगळा हिशेब. आणि उत्तम राखलेल्या डॉबसन यंत्राची अचूकता एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे अडीच एककांहून जास्त. दशकभरात जे शोधायचे आहे त्याच्या तिप्पट तर यंत्राचीच चूक होऊ शकते.

यातून वाट एकच: यंत्र एकमेकांशी जुळवत राहणे. जगाचे मूळ डॉबसन यंत्र क्रमांक 83 अमेरिकेत आहे, त्याची परीक्षा हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर होते, आणि त्याच्याशी प्रादेशिक यंत्रे, त्यांच्याशी देशोदेशीची यंत्रे ताडून पाहतात. ही साखळी एकदा तुटली की मधली वर्षे परत मिळत नाहीत. शास्त्रज्ञाला यात निबंध मिळत नाही, नेत्याला उद्घाटन मिळत नाही. कामाचे मोल अशा वेळी कळते: 2018 मध्ये स्टीफन माँट्झका आणि सहकाऱ्यांनी दाखवले की बंदी असलेल्या सीएफसी-11 चे उत्सर्जन 2012 नंतर चक्क वाढले आहे, आणि पुढच्या वर्षी कोरिया-जपानच्या केंद्रांवरच्या नोंदींनी बोट पूर्व चीनकडे दाखवले. त्यानंतर उत्सर्जन उतरले. ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांवरच्या माँट्रियल कराराला 1987 मध्ये कागदावर जे साधले, ते टिकवण्याचे काम हवेच्या नमुन्यांनी केले. भारत या करारात 1992 मध्ये आला, 2010 पासून औषधी फवारे वगळता सीएफसी बंद झाले, आणि फोम उद्योगातले एचसीएफसी-141बी 1 जानेवारी 2020 पासून.

उष्णकटिबंधापुरता एक धागा अजून उलगडलेला नाही. वरच्या स्थितांबरात ओझोन सावरतो आहे, पण खालच्या स्थितांबरात, आपल्या डोक्यावर, तो किंचित घटताना दिसतो. हवामानबदलाने वर चढणाऱ्या हवेचा वेग वाढला तर हेच अपेक्षित आहे, कारण ओझोन तयार व्हायला मिळणारा वेळ कमी होतो. म्हणजे क्लोरीन संपले तरी माणवरचा थर जुन्या आकड्यावर येईलच असे नाही.

उन्हात काम करणाऱ्याला काय

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य माणच्या थेट डोक्यावर असतो. ऑगस्टमध्ये ढगांची आशा असते. मेमध्ये आभाळ निरभ्र. किरणांची ओझोनमधली वाट तेव्हा सर्वांत आखूड, आणि थर मुळातच पातळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर 11 किंवा त्यावरचा अतिनील निर्देशांक ‘अत्यंत तीव्र’ या खान्यात जातो. इथला निर्देशांक त्या खान्यात सहज जातो, ओझोन एक टक्काही न घटता. ओझोन एक टक्क्याने कमी झाला तर त्वचा भाजणारे किरण सव्वा टक्क्याच्या आसपास वाढतात. म्हणून कळपामागे दिवसभर चालणाऱ्या धनगराच्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचा दोष ओझोनच्या ऱ्हासावर टाकणे चूक आहे. त्याच्यावर परिणाम होतो तो अक्षांशाचा, उंचीचा आणि कामाच्या तासांचा. सावळी त्वचा बरेच किरण अडवते, डोळ्याला ती सोय नाही. रुंद काठाची टोपी आणि मुंडाशाचा पुढे ओढलेला पदर यांचा उपयोग इथे कोणत्याही आंतरराष्ट्रीय करारापेक्षा लवकर होतो.

खालचा ओझोन

जमिनीलगतचा ओझोन कोणत्याही धुराड्यातून निघत नाही. वाहने, वीजकेंद्रे, पाचट जाळणे यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे आणि कार्बनी वाफा निघतात. ऊन त्यांच्यावर काम करते आणि ओझोन तयार होतो. यात एक गुंता आहे. शहराच्या गर्दीच्या रस्त्यावर नायट्रिक ऑक्साइड इतके असते की ते तयार झालेला ओझोन तिथेच खाऊन टाकते. तीच हवा वाऱ्याबरोबर उघड्या माळावर गेली की खाणारा वायू मागे राहतो आणि ओझोन वाढतो. त्यामुळे शहरापेक्षा वाऱ्याखालच्या खेड्यात ओझोन जास्त, हे जगभर दिसलेले आहे. मार्च ते मे या काळात वायव्येचा वारा, कोरडी हवा, ढगविरहित ऊन: माणच्या बाबतीत सगळ्या अटी कागदावर पूर्ण होतात. पण कागदावरच. हवामान विभागाच्या भूपृष्ठ ओझोनच्या केंद्रांत महाराष्ट्रातली पुणे आणि नागपूर ही नावे आहेत. 2013 पासून पुण्यात ‘सफर’ ही हवेची प्रणालीही चालू झाली. ही ठिकाणे शहरी आहेत, आणि शहरातला आकडा माळाला लावता येत नाही याचे कारण वर आलेच आहे. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला उष्णदेशीय हवामान संस्थेची उंचावरची प्रयोगशाळा 2012 पासून आहे, पण तिचा मुख्य विषय ढग. आणि ती आहे कड्याच्या माथ्यावर, पर्जन्यछायेत नव्हे.

पिकाचा प्रश्न किती मोठा आहे याची कल्पना पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या सचिन घुडे आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या अभ्यासाने दिली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे 2005 या एका वर्षात ओझोनमुळे देशात सुमारे 60 लाख टन पीक कमी आले. त्यात गहू 35 लाख टनांच्या आसपास. हा हिशेब 40 या उंबरठ्यावर उभा आहे: दिवसा हवेच्या अब्ज भागांत ओझोनचे 40 पेक्षा जास्त भाग असलेले सगळे तास धरायचे आणि जास्तीचा भाग बेरजेत घ्यायचा.

माणसाठी या पद्धतीत एक उणीव आहे, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. ओझोन पानाला बाहेरून इजा करत नाही. तो पर्णरंध्रांतून आत जातो. दुष्काळात झाड पाणी वाचवायला रंध्रे मिटते. मग हवेत कितीही ओझोन असला तरी आत थोडाच जातो. कोरडवाहू शाळूच्या रानात उंबरठ्याचा हिशेब नुकसान फुगवून सांगेल. शिवाय ज्वारीची जात कमी रंध्रे उघडून भागवणारी. पण टेंभू योजनेचे पाणी आटपाडीत आले, उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांचे माण-खटावकडे वळले, ठिबकावर डाळिंब आणि द्राक्ष उभे राहिले, की तीच हवा वेगळी वागते. पाणी मिळालेले झाड भर दुपारी, ओझोन शिगेला असताना, रंध्रे उघडी ठेवते. दुष्काळ जे कवच देत होता ते सिंचन काढून घेते. पाणी येऊ नये असे माणमध्ये कोणी म्हणणार नाही, आणि म्हणायचेही नाही. पण पाण्याबरोबर येणारा हा हिशेब करायला रानातली आर्द्रता, रंध्रांची उघडझाप आणि ओझोन एकाच जागी, एकाच वेळी मोजावे लागतात.

याच पाण्याचा दुसरा धागा पुन्हा वर जातो. भिजलेल्या, युरिया टाकलेल्या मातीत जिवाणू नायट्रस ऑक्साइड तयार करतात. हा वायू शंभरावर वर्षे टिकतो, स्थितांबरात पोहोचतो आणि तिथे फुटून ओझोन खाणारी नायट्रोजन ऑक्साइडे देतो. क्लोरोफ्लुरोकार्बने आटोक्यात आल्यावर ओझोनला घातक अशा उत्सर्जनांत आता हाच पहिल्या क्रमांकावर आहे, हे ए. आर. रविशंकरा आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवले. माँट्रियल करारात त्याचे नाव नाही. उसाला ढीगभर युरिया आणि मोकाट पाणी देणारे कृष्णाकाठचे रान आणि ठिबकातून थेंबाथेंबाने खत घेणारे आटपाडीचे डाळिंब यांच्यात या वायूचा फरक किती पडतो, हे मोजण्यासारखे आहे; बंदिस्त पेटी मातीवर ठेवून वायूचे नमुने घ्यायची रीत जुनी आणि स्वस्त आहे.

वरच्या थरासाठी माणमध्ये नवे यंत्र नको. पुण्याचे फुगे नियमित उडत राहिले आणि त्यांची जुळणी सांभाळली तरी पुरे. खालच्या ओझोनसाठी 254 नॅनोमीटरच्या प्रकाशावर चालणारा एक विश्लेषक लागेल, आणि तो म्हसवड किंवा आटपाडीच्या बाजूला, हमरस्त्यापासून दूर, सिंचित आणि कोरडवाहू रान शेजारी-शेजारी असेल तिथे. बारामतीजवळ माळेगावला 2009 पासून अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळाचा ताण तिचा विषय आहेच, ओझोनचा ताण त्याच पानावर मोजता येतो. वीज जाते, धूळ गाळणीत बसते, त्यामुळे पहिल्या वर्षाचे आकडे बहुतेक फेकावे लागतील. त्यानंतरचे दोन रब्बी हंगाम आणि दोन उन्हाळे सलग मिळाले, तर सिंचित डाळिंबाने किती ओझोन आत घेतला आणि कोरडवाहू शाळूने किती, याचा पहिला खरा आकडा हाती येईल.